पोत्यांची खोली आणि दुसरा मजला

"इन्व्हेस्टमेंट म्हणून कसं वाटतंय?" हा प्रश्न मला त्या वर्षात इतक्या जणांनी विचारला, की पुढं पुढं कुणी नुसतं "काय म्हणताय?" म्हणलं तरी माझ्या कपाळावर आठ्या पडायच्या. शाळेत विचारलं, बसमध्ये विचारलं, अर्धापूरच्या केळीवाल्यानं फणी तोलता तोलता विचारलं. अरे बाबांनो, मला राहायला घर पाहिजे होतं. एवढी साधी गोष्ट. पण बाईमाणसानं, त्यातही एकट्या बाईमाणसानं, स्वतःच्या पैशानं फ्लॅट घ्यायचा म्हणलं की अख्ख्या मराठवाड्याला तिच्या पैशाची काळजी लागते. तिची लागत नाही, पैशाची लागते.

मी अर्धापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते आणि नांदेडला भाड्यानं राहायचे. लग्न माझं फार टिकलं नाही. सोडचिठ्ठी झाली, मूलबाळ नव्हतं, नोकरी होती म्हणून तरले. बाकी सगळं आयुष्य अकरा महिन्यांच्या करारावर गेलं. करार संपत आला की मालकीणबाई चहाला बोलवायच्या, आणि निम्मा चहा झाला की भाडं वाढल्याचं कळायचं. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ही अट प्रत्येक घरात. त्यामुळं माझं कॅलेंडर कायम फ्रिजच्या बाजूला चुंबकानं लटकलेलं. कुणी फ्रिज जोरात लावला की महिना खाली पडायचा.

मग निवृत्तीला वर्ष उरलं असताना मालकीणबाईंनी पुन्हा चहाला बोलवलं. या वेळी भाडं वाढलं नव्हतं. लेकाचं लग्न ठरलं होतं. "मॅडम, उन्हाळा संपेस्तोवर खोल्या मोकळ्या करून द्या, घाई नाही," असं त्या म्हणाल्या. घाई नाही म्हणे! म्हणजे नोकरी आणि घर दोन्ही एकाच उन्हाळ्यात सुटणार होतं. बशीतली बिस्किटं मी तशीच ठेवून आले.

आता तुम्ही म्हणाल, माहेर आहे की. आहे ना. औशाजवळ आमचं गाव, तिथं थोरला भाऊ शेती करतो. माझी सोडचिठ्ठी झाली तेव्हा वडिलांनी घरातल्या पूर्वेकडच्या खोलीत मला नेलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "ही पोरीची खोली." वडील गेले आणि त्याच साली त्या खोलीत सोयाबीनची पोती आली. दादा काढणी झाली की माल लगेच विकत नाही. तो पोती माझ्या खोलीत छतापर्यंत रचतो आणि भाव वाढायची वाट बघतो. भाव काही वाढत नाही. पुढच्या पेरणीला पैसे लागले की आहे त्या भावात देऊन टाकतो, आणि काढणी झाली की पुन्हा नवी पोती येतात. वर्षानुवर्षं हेच.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या भागात घरंच्या घरं शेतात जेवायला जातात. आंबिल असते, भज्जी असते, बाजरीचे उंडे असतात. त्यासाठी मी दरवर्षी न चुकता गावी जायचे. रात्री वहिनी पोत्यांच्या फटीत माझी खाट तिरकी घालून द्यायची. नाकात धूळ, पायाशी फवारणीचा पंप, आणि उंदीर तर माझ्यापेक्षा तिथले जुने रहिवासी. वहिनी म्हणायची, "एका रातीचं तर हाय." एका रात्रीचंच असायचं. दुसऱ्या रात्री मी थांबायचेच नाही.

फ्लॅट सापडला लातूरला. माझं डी.एड. तिथंच झालेलं, गाव जवळ, म्हणजे माहेराजवळ पण माहेरात नाही. जुनी सहकारी सोसायटी, तीन मजले, लिफ्ट नाही, आणि फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. विकणारे चाचा बाजारातले जुने शिंपी. त्यांच्या घराण्यानं तीन पिढ्या लातूरकरांचे कपडे शिवले. आता डोळे दमले म्हणून ते नांदेडला मुलाकडं चालले होते. मी नांदेडहून लातूरला येणार, ते लातूरहून नांदेडला जाणार, याचं त्यांना हसू यायचं.

बाहेरच्या खोलीत खिडकीखाली कापड बेतायचं त्यांचं लांबलचक मेज होतं. कडा हातानं घासून गुळगुळीत झालेल्या. त्यावर उजेड असा पडलेला, की मी मनातल्या मनात तिथं माझी पुस्तकं मांडूनसुद्धा टाकली. एका कोपऱ्यात चष्मा, एका कोपऱ्यात शेंगदाण्याची बरणी. चाचांना ते कळलं असावं, कारण ते म्हणाले, "मेज ठेवून चाललो मी. मुलाच्या घरात ते मावत नाही." आणि मग लगेच, मी काही विचारायच्या आत, "मॅडम, झूट कायकू बोलू? नळ आठ दिवसाला येतो. सोसायटीचा बोर उन्हाळा लागला की हात वर करतो. मग टँकर. हौ बोलायचं तर हे समजून हौ बोला."

मी मनातून तिथंच हौ म्हणलं होतं. पण तोंडानं म्हणले, विचार करून कळवते. तिथंच चुकलं. कारण मी विचार करते म्हणलं, आणि विचार करायला सगळेच बसले.

आमच्या शाळेतले गणिताचे सर मधल्या सुट्टीत खडू घेऊन फळ्यापाशीच गेले. लातूर म्हणजे क्लासचं गाव, डॉक्टर व्हायला निघालेली पोरं खोल्या शोधत फिरतात. सर म्हणाले, दोन खोल्यांत तीन-तीन पोरं ठेवा, हॉलमध्ये दोन, डबा बाहेरून, आणि बघा पैसे कसे वसूल होतात. फळा भरला. उत्तराखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

"आणि मी कुठं राहू, सर?"

सरांनी फळ्याकडं पाहिलं. एखादी संख्या हातची घ्यायची राहिली की काय, असं. "तुम्ही? तुम्ही गावाकडं राहा की मॅडम."

दुसऱ्या बाई म्हणाल्या, गोदावरीकाठचं नांदेड सोडून तहानेनं मरायला लातूरला चाललात का? रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव ते! तिसरे म्हणाले, फ्लॅट दरवर्षी जुना होतो, प्लॉट कधी जुना होत नाही. चौथ्यांचा मेहुणा म्युच्युअल फंडाचं काम करत होता. सगळ्यांचे हिशेब अगदी चोख होते, फक्त त्यांत कुठंही मी राहत नव्हते.

दादाला फोन केला, तर त्याचं वेगळंच. "हवेत घर घेऊन राहिलीस का गं? खाली जमीन कुणाची?"

"सोसायटीची."

"आन् वरचं छत?"

"तेही सोसायटीचं."

"मंग तुझं काय? मधली हवा? एवढ्या पैशात रानात तुकडा येतोय. आन् राहायचं म्हणशील तर तुझी खोली हाय की हितं."

तुझी खोली हाय. हे तो इतक्या सहज म्हणायचा, की पोत्यांचं नाव काढलं तर आपणच कोत्या मनाचे ठरू असं वाटायचं. तोच पुढं म्हणाला, "बरं, घेऊ नको म्हणलं तर रुसशील. आधी पाणी बघू. रविवारी पायाळूला घेऊन येतो."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याला जमिनीतलं पाणी कळतं असं आमच्याकडं मानतात, आणि तळहातावर नारळ ठेवून तो रानातून चालला, की पाण्याच्या जागी नारळ उभा राहतो म्हणतात. दादानं आयुष्यात एकही बोर त्याच्याशिवाय मारला नाही. त्यातले किती लागले ते विचारू नका.

"दादा, अरे दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे!"

"मंग दुसऱ्या मजल्याला पाणी कुठून येतं? वरून?"

मी कपाळावर हात मारला आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी खरंच जीप आली. दादा, त्याच्यामागं पायाळू, पायाळूच्या हातात शेंडीचा नारळ. मी नवी साडी नेसून गेलेली, भावी शेजाऱ्यांवर जरा बरा प्रभाव पडावा म्हणून. पायाळूनं चपला काढल्या, तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि स्कूटरींच्या मधून सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो संथ चालायला लागला. वरच्या गॅलऱ्यांमधून डोकी बाहेर आली. पहिल्या मजल्यावरून बनियनवर एक गृहस्थ ओरडले, "ओ! काय चाललंय हे? ही सोसायटी आहे, रान नाही!" ते सेक्रेटरी. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण धरणीला त्या दिवशी दुसरंच काम होतं.

सेक्रेटरी तणतणत खाली आले. परवानगी कुणाची घेतली, नियम काय, उद्या कुणी बैल आणून बांधेल. त्यांचं चालू असतानाच, चाचांची स्कूटर उभी असते त्या कोपऱ्यात पायाळू थांबला. नारळ हलला. शेंडी वर झाली. आणि तो तळहातावर सरळ उभा राहिला.

सेक्रेटरींचं वाक्य अर्धवट राहिलं. त्यांनी चष्मा सारखा केला. मग चपला काढल्या, हो, खरंच काढल्या, आणि हळू आवाजात विचारलं, "किती पाणी लागेल?"

"दोन इंची पाणी हाय," पायाळू म्हणाला.

मग काय विचारता! अख्खी बिल्डिंग खाली आली. कुणी चहा आणला, कुणी दादाला खुर्ची दिली. मला मात्र एक बाई म्हणाल्या, "जरा सरका ना, नारळ दिसत नाही." मी फ्लॅट बघायला आलेय हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग झाली आणि त्या कोपऱ्यात नवा बोर मारायचं ठरलं. वर्गणी निघाली. आणि मला नांदेडहून चाचांच्या मुलाचा फोन आला. अगदी अदबीनं म्हणाला, आता पाणी लागणार म्हणजे रेट बदलणार, तेव्हा बोर होईपर्यंत थांबू. चाचांना फोन केला तर ते बिचारे शरमून गेले. "मॅडम, मी तर जबान दिली होती. पण घर मुलाच्याही नावावर आहे. काय बोलू?"

मी दादाला फोन लावला आणि भडकलेच. "तुझ्या नारळानं माझं घर महाग करून ठेवलं! कुणी सांगितलं होतं?"

त्याला उलट आनंद. "बघ, म्हणलं व्हतं ना? माल चांगला हाय."

"मग घेऊ का?"

"न्हाई. आता महाग हाय."

भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतही माझी नव्हती. इकडं मालकीणबाईंनी मांडववाल्याला गच्ची दाखवायला सुरुवात केलेली. रंगारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन भिंतीचं माप घेऊन गेला, मी भाकरी थापत असताना. कुठल्या रंगाची भिंत बरी दिसेल, हेही मालकीणबाईंनी मलाच विचारलं.

बोरची गाडी भर उन्हाळ्यात आली. दादा मुद्दाम आला होता, डोक्याला पटका बांधून, जणू सत्कारच होता त्याचा. मीही गेले. पूजा झाली, नारळ फुटला, मशीन सुरू झालं. आधी लाल माती, मग काळा खडक, मग पांढरा धुरळा. रॉडवर रॉड चढत गेले. धुरळा काही थांबेना. वाळत घातलेले कपडे, स्कूटरी, पेढ्यांचा बॉक्स, सगळं पांढरंफटक. सेक्रेटरी डोक्यापासून पायापर्यंत पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखे दिसत होते, आणि तरी म्हणत होते, अजून एक रॉड, अजून एक. शेवटी मशीनवाल्यानंच हात हलवला. बोर कोरडा गेला.

दादानं पायाळूला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, जागा बोटभर चुकली. हे ऐकून सगळ्यांनी आधी दादाकडं पाहिलं आणि मग सावकाश माझ्याकडं.

चाचांच्या मुलाचा फोन आम्ही फाटकाबाहेर पडायच्या आतच आला. जुन्याच रेटला घ्या म्हणाला. मी हो म्हणणार, तेवढ्यात दादानं मला समोरच्या रसवंतीवर नेलं, दोन ग्लास सांगितले आणि खुशीत म्हणाला, "सुटलीस. देवानंच वाचवलं. घेऊ नकोस आता. गुपचूप गावाकडं ये. तुझी खोली हाय की."

आणि मग माझा तोल गेला. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं, रसवाल्यासमोर, गिऱ्हाइकांसमोर. "कुठंय माझी खोली? दाखव! तिथं तुझं सोयाबीन राहतं. मी नाही राहत. वडील गेले आणि तू माझ्या जागी पोती आणून ठेवलीस. भाव वाढेल, भाव वाढेल म्हणून त्यांना जपतोस, वाळवतोस, ताडपत्री घालतोस. मला एकदा तरी विचारलंस, तुला झोप लागली का म्हणून? मी वर्षातनं एक रात्र येते रे दादा, एक रात्र, आणि तुझ्या घरात माझी खाटसुद्धा सरळ बसत नाही!"

घुंगरू बांधलेलं ते रसाचं यंत्रसुद्धा थांबलं होतं. दादानं ग्लास खाली ठेवला. तोंडावर अजून बोरचा धुरळा होता. मी तशीच उठले, रस्ता ओलांडला, दोन मजले चढले आणि चाचांना म्हणलं, "हौ."

फ्लॅट घेतला. पण ना हरकत दाखला द्यायला सेक्रेटरींनी काय छळलं! म्हणाले, बोरच्या खर्चाचा हिस्सा नव्या सभासदानं द्यावा लागेल, नारळ तुमच्याकडचा होता. पाणी लागलं असतं तर पाण्याचा हिस्सा दिला असता, धुरळ्याचा कसला हिस्सा, म्हणून मी भांडले. शेवटी दिला. काय करता?

सामान आलं त्या दिवशी पहिलं काम खिळ्याचं केलं. खण्णकन हातोडा मारला. थोडा गिलावा पडला, तो झाडून घेतला आणि कॅलेंडर लावलं. वास्तुशांतीला वहिनी आली, दादा आला नाही. पेरणी चालू आहे म्हणाली. पेरणीत एक दिवस निघत नाही होय? मेजावर त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. संध्याकाळी ते मीच खाल्लं, रडत आणि त्याला शिव्या देत.

बाकी चाचा बोलले तसंच निघालं. आठ दिवसाला नळ येतो. ज्या घरी आधी चाहूल लागते त्या घरची बाई जिन्यात ओरडते, आणि सगळी बिल्डिंग बादल्या, पिंप, पातेली घेऊन तुटून पडते. मी सुद्धा. गणिताच्या सरांचा मध्यंतरी फोन आला होता. तिकडचे भाव काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. वाढले नाहीत म्हणलं. "मग फसलीच म्हणायची इन्व्हेस्टमेंट," ते हळहळून म्हणाले. मी म्हणलं, सर, पाणी आलंय, ठेवते फोन.

त्या वर्षी येळवशीला जायला माझं मनच होत नव्हतं. रसवंतीनंतर दादा आणि मी धड बोललो नव्हतो. पण वहिनीचे फोनवर फोन, म्हणून गेले. शेतात जेवणं झाली. दादा सगळ्यांना आंबिल वाढत होता. मला वाढताना त्यानं वर पाहिलं नाही. घरी आलो तर तो पुढं, मी मागं. त्यानं पूर्वेकडच्या खोलीचं दार उघडलं आणि बाजूला झाला.

खोलीत पोती नव्हती. भिंतींना रंग दिलेला होता. मधोमध खाट, सरळ घातलेली, तिच्यावर नवी चादर. आणि समोर खिडकी. पोत्यांमागं तिथं खिडकी आहे हे मी विसरूनच गेले होते.

"पोती कुठंयत?"

"इकली."

"भाव वाढला?"

"न्हाई. पार पडलाय औंदा."

"मग?"

त्यानं खिडकीची कडी उगाच काढली आणि पुन्हा लावली. "तुझी खोली हाय," तो म्हणाला. "ऱ्हा चार दिस."

मला असा संताप आला म्हणून सांगू! "आत्ता?" मी ओरडलेच. "घर घेऊन बसले मी, आत्ता मोकळी केलीस? एवढी वर्षं काय झालं होतं तुला?" वहिनी धावत आली. दादा खाली मान घालून उभा, शाळेत मार खाणारं पोरगं उभं राहतं तसा. त्या रात्री मी त्या खाटेवर झोपले. उंदीर नव्हता, धूळ नव्हती, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा मला त्या घरात गाढ झोप लागली.

सकाळी पिशवी भरायला घेतली तर दादा दारात. "म्हणलं व्हतं चार दिस ऱ्हा. आता काय अडचण हाय?"

काहीच अडचण नव्हती. तेच तर मला सहन होत नव्हतं.

"उद्या नळाला पाणी येणार, दादा," मी म्हणलं. "घरी भरायला कुणी नाही."

मग त्यानं माझी पिशवी उचलली आणि औशाच्या बसपर्यंत सोडायला आला.